चिनी स्त्रीच्या कानांतील मणी

इ. स. १७७५ सालची गोष्ट. चीनचा मांचू सम्राट् च्येनलुंग याच्यापुढें राजवाड्यांतील सेवेसाठीं निवडावयाच्या मुली रिवाजाप्रमाणें उभ्या करण्यांत आल्या होत्या. त्यांच्या प्रत्येक कानांत एकेकच लोलक होता आणि तें सम्राटाला खपलें नाहीं. मांचू स्त्रीनें एकेका कानांत तीन कर्णभूषणें ल्यावीं ही त्या लोकांची जुनी चाल; एकावरच भागवूं लागल्या तर या मांचू कसल्या, असा त्याच्या हुकुमाचा आशय होता. नवी रीत त्यानें तत्काळ मना केली. एवढ्या साम्राज्याच्या धन्यानें मुलींच्या कानांतले लोलक मोजीत बसावें हें प्रथम हास्यास्पद वाटतें; परंतु मूठभर मांचू कोट्यवधि चिनी प्रजेवर राज्य करीत होते आणि एका कानांत एकच भूषण ही त्या प्रजेची रीत होती.

मौज ही कीं, कान टोंचण्याची चालच चिनी पंडितांनीं एके काळीं परक्यांची म्हणून हेटाळली होती. वास्तविक कान सजविण्याची हौस त्या भूमींत फार जुनी. अंतर्मंगोलियांतील शिंगलुंग्वा येथें सुमारें ८००० वर्षांपूर्वींच्या थडग्यांत मृतांच्या कानांपाशीं जेड दगडाचीं, एका बाजूस चीर असलेलीं कडीं सांपडलीं आहेत. पुढें विचार पालटले. आईबापांनीं दिलेलें शरीर अभंग राखावें ही शिकवण रुजली. सम्राटाच्या परिवारांतील स्त्रियांचे कान टोंचीत नाहींत, असा उल्लेख च्वांगझीच्या ग्रंथांत आहे. इ. स. २०० च्या सुमारास ल्यू शी नांवाच्या कोशकारानें या अलंकाराची उपपत्ति दिली ती अशी: रानटी लोकांच्या बायका चंचल व भटक्या, म्हणून त्यांच्या कानांना हें वजन लटकविलें, आणि आतां आपलेही लोक त्यांचें अनुकरण करूं लागले. ही उपपत्ति कोणी खरी मानूं नये. तींतला त्रागा मात्र खरा आहे.

त्रागा करून उपयोग नव्हता, कारण कांचेचा कारागीर तोंवर तयार झाला होता. एका रंगाच्या मण्यावर दुसऱ्या रंगांचीं वर्तुळें बसवून डोळे उमटविण्याची कला चीनमध्यें पश्चिमेकडून आली. ख्रिस्तपूर्व ४३३ च्या सुमारास वारलेल्या त्सेंग येथील यी नांवाच्या राजाचें थडगें हूपे प्रांतांत १९७८ सालीं उकरण्यांत आलें; त्यांत असे १७३ मणी मिळाले. पुढें चिनी भट्ट्यांतूनही डोळ्यांचे मणी निघूं लागले. त्यांच्या कांचेंत शिसें व बेरियम यांचें मिश्रण असतें. पश्चिमेकडील तत्कालीन कांचेंत तें आढळत नाहीं. बेरियमचा हा शोध बेक व सेलिग्मन यांनीं १९३४ सालीं प्रसिद्ध केला. घाट पाहुण्यांचा, पण कांच घरची! हान काळांत कांचेचींच निळीं, मध्यें बारीक व टोकांस रुंद, अशीं डमरूसारखीं कर्णभूषणें होऊं लागलीं.

सुंग काळांत (९६०–१२७९) उरलासुरला संकोच गेला. तत्कालीन राण्यांच्या चित्रांत कानांतून मोत्यांचे सर लोंबत आहेत. सर्वांत देखणा घाट मात्र मिंग काळांतला (१३६८–१६४४), भोपळ्याचा. सोन्याची तार आंकड्यासारखी वांकवावयाची, तींत वर लहान व खालीं मोठा असे दोन मणी ओंवावयाचे, माथ्यावर सोन्याच्या पानांची टोपी आणि तळाशीं छोटी बैठक. एवढेंच साहित्य! सारें कौशल्य दोन मण्यांचें प्रमाण साधण्यांत आहे. वरचा मणी थोडा मोठा झाला कीं भोपळा नाहींसा होऊन नुसते दोन गोळे उरतात. भोपळ्याला चिनी भाषेंत 'हुलू' म्हणतात आणि तो उच्चार 'फूलू', म्हणजे सुख व वेतन, यांच्या जवळचा आहे. चिनी माणूस शुभाशीर्वाद असा वस्तूंत लपवितो.

मणी जेड दगडाचे असत, मोत्यांचे असत. ज्यांना ते परवडत नसत त्यांना कांच होतीच. शांतुंग प्रांतांतील बोशान हें कांचकामाचें मोठें ठिकाण, तेथें इ. स. १४०० पूर्वींच्या भट्ट्यांचे अवशेष १९८२ सालीं सांपडले. मण्याची कृति सोपी दिसते. मातीचा लेप दिलेल्या लोखंडी सळईवर तापलेल्या कांचेची धार गुंडाळावयाची, सळई फिरवीत मणी वाटोळा करावयाचा आणि निवल्यावर ओढून काढावयाचा. लेपाचा अंश कित्येक जुन्या मण्यांच्या भोंकांत अद्याप दिसतो. इ. स. १६९६ मध्यें सम्राट् कांगशी यानें किलियान स्टुंप्फ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखालीं पेकिंगला शाही कांचशाळा काढली, तींतही बोशानचे कारागीर होते.

याच कांगशीचा नातू च्येनलुंग. त्याच्या काळच्या दरबारी नियमांनीं सम्राज्ञीच्या प्रत्येक कानांत तीन भूषणें ठरविलीं. प्रत्येकांत सोन्याचा नाग, म्हणजे चिनी ड्रॅगन, आणि त्याच्या मुखीं ईशान्येकडील नद्यांतले दोन मोती. एकूण मोती बारा. मराठी स्त्री एकाच कानांत कुडी आणि बुगडी घालते, पण तीं भिन्न जागीं व भिन्न घडणीचीं. मांचू स्त्रीचीं तिन्ही भूषणें एकसारखीं व एकाच पाळीला असत.

मांचूंचें राज्य इ. स. १९१२ मध्यें गेलें. बोशानला कांचकाम आजही चालतें, आणि दोन मण्यांचा भोपळा, लहान वर व मोठा खालीं, चिनी सोनार अजून घडवितात.