निकष-संदर्भित व मानक-संदर्भित कसोट्या

विद्यार्थ्याला काय येते हे मोजण्याच्या दोन पद्धती. निकष-संदर्भित कसोटीत त्याची कामगिरी आधी ठरवलेल्या पातळीशी ताडून पाहतात, मानक-संदर्भित कसोटीत इतर परीक्षार्थींच्या कामगिरीशी. ‘तिसरीतली मुलगी हातच्याची वजाबाकी करते’ हे पहिल्या कसोटीचे उत्तर, ‘ती वर्गात चौथी आली’ हे दुसरीचे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्लेसर यांनी 1963 मध्ये हा भेद नेमका मांडला.

रत्नागिरी जिल्ह्याच्या स्मरणात या भेदाचा एक सुंदर नमुना आहे. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 मध्ये केंब्रिजच्या गणित ट्रायपॉस परीक्षेत ‘सीनियर रँग्लर’ झाले. हा मान त्यांना जॉर्ज बर्टविसल यांच्यासह विभागून मिळाला. प्रथम वर्गात आलेला प्रत्येक जण रँग्लर. ‘सीनियर’ म्हणजे त्यांत पहिला. एक शब्द वर्ग सांगतो, दुसरा क्रमांक. केंब्रिजने 1909 नंतर क्रमवारी जाहीर करणे थांबवले, रँग्लर मात्र आजही होतात.

दोन्ही कसोट्यांचे प्रश्नही वेगळ्या रीतीने निवडले जातात. मानक-संदर्भित कसोटीला मुलांमध्ये फरक दाखवायचा असतो, म्हणून सगळ्यांना सुटलेला प्रश्न तिथे निरुपयोगी ठरून गळतो. वर्गाला जे उत्तम शिकवले गेले तेच अशा रीतीने प्रश्नपत्रिकेतून नाहीसे होऊ शकते. निकष-संदर्भित कसोटीत तोच प्रश्न राहतो, कारण सगळ्यांना येणे हेच तिथे यश असते.

जागा मोजक्या असतात तेव्हा क्रम लावावाच लागतो. एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेचे पर्सेंटाइल त्यासाठीच असते: 90 पर्सेंटाइल म्हणजे सुमारे 90 टक्के परीक्षार्थी त्या गुणांवर किंवा त्याखाली. किती गणिते सुटली, हे त्या आकड्यातून कळत नाही. शालेय शिष्यवृत्ती परीक्षेत दोन्ही पद्धती एकत्र येतात. पात्रतेसाठी प्रत्येक पेपरात किमान 40 टक्के गुण, आणि प्रत्यक्ष शिष्यवृत्ती गुणवत्ता यादीनुसार.

दहावीची 35 गुणांची रेषा निकषासारखी दिसते, पण ती पुरता निकष नव्हे. तितके गुण मिळवलेल्या मुलाला अपूर्णांक येतात की भूमिती, हे गुणपत्रिका सांगत नाही. एका भागातले अज्ञान दुसऱ्या भागातले गुण झाकतात. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ निकालात वर्षानुवर्षे राज्यात अव्वल आहे. 2024 मध्ये त्याचा दहावीचा निकाल 99.01 टक्के लागला, राज्याचा 95.81. शिक्षकांच्या कष्टाचे ते फळ आहे आणि त्याचा अभिमान रास्तच. पण ‘अव्वल’ ही पुन्हा इतर विभागांशी केलेली तुलना आहे, हे विसरता कामा नये.

निकषांवर मोजण्याचा मोठा प्रयत्न नव्वदच्या दशकात ‘किमान अध्ययन क्षमतां’च्या रूपाने झाला. पुढे 2005 पासून ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीने तो गावातल्या घरांपर्यंत नेला. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट: वाचनाच्या चाचणीत मूल कुठपर्यंत पोहोचते एवढेच तिथे पाहतात. 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचण्याचे लक्ष्य ठेवले आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवरील कमी पटाच्या शाळांत ही पद्धत विशेष मोलाची. इयत्तेत चारच मुले असतील तर पहिला नंबर आणि शेवटचा नंबर यांत अर्थ तो किती? चौघांनाही भागाकार येत असेल, किंवा एकालाही येत नसेल; नंबर तेच राहतील. गुरुजींना उद्या काय शिकवायचे, हे निकषांची नोंदच सांगू शकते.

निकष-संदर्भित कसोटीचा कच्चा दुवा म्हणजे तिची रेषा. ती तज्ज्ञ ठरवतात आणि ठरवताना त्यांच्याही मनात ‘साधारण मूल’ असतेच, म्हणजे तुलना मागच्या दाराने आत येते. घरी संगमेश्वरी बोली बोलणारे मूल प्रमाण मराठीतला उतारा अडखळत, पण समजून वाचत असेल, तर मिनिटाचे घड्याळ त्याच्यावर अन्याय करते. म्हणून वेग आणि आकलन यांची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत हवी.