मेघना नदीचें उल्लंघन (डिसेंबर 1971) व त्यांतील हेलिकॉप्टरांचें कार्य

इ. स. 1971 च्या डिसेंबरांत भारतीय सेनेनें मेघना नदी हेलिकॉप्टरांच्या साहाय्यानें ओलांडली, ही गोष्ट आतां बहुश्रुत झाली आहे. या प्रसंगास ‘हेलिकॉप्टरांचा पूल’ असें नांव पडलें असून, नदीवरील पूल तुटला तेव्हां यंत्रांनीं आकाशमार्गें सैन्य पलीकडे नेलें आणि ढाका पडलें, अशी थोडक्यांत कथा सांगण्यांत येते. ही कथा खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तथापि ती अर्धी आहे. आणि जो अर्धा भाग मागें राहिला त्याचीं साधनें आपल्या डोळ्यांदेखत नाहींशीं होत आहेत, एवढें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. दप्तरें व रुमाल चाळण्यांत काळ घालविणाऱ्या आमच्या वाचकांस हा विषय प्रथमदर्शनीं परका वाटेल. परंतु शेवटीं प्रश्न आपला नित्याचाच आहे: घडलें काय, आणि तें कोणत्या कागदावरून सांगावयाचें?

प्रथम या यंत्राच्या पूर्ववृत्ताविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. हेलिकॉप्टर युद्धांत आलें तें शत्रूस मारण्याकरितां नव्हे, तर आपलीं माणसें वांचविण्याकरितां. 1944 च्या एप्रिलांत ब्रह्मदेशांत जपानी फौजेच्या पिछाडीस एक लहान विमान पडलें. त्याचा वैमानिक व तीन ब्रिटिश सैनिक जंगलांत अडकले. त्यांस अमेरिकन लेफ्टनंट कार्टर हार्मन यानें सिकोर्स्की कंपनीच्या वायआर-4 या हेलिकॉप्टरांतून बाहेर काढलें. त्या यंत्रांत एका वेळीं एकच उतारू मावत असे, म्हणून एकेकास उचलून आणावें लागलें. पुढें 6 नोव्हेंबर 1956 रोजीं इंग्रजांनीं पोर्ट सैद येथें जहाजांवरून सुमारें चारशें सैनिक हेलिकॉप्टरांनीं किनाऱ्यावर उतरविले. नोव्हेंबर 1965 मध्यें व्हिएतनामांतील इया द्रांग खोऱ्यांत अमेरिकनांनीं सबंध पलटण शत्रूच्या मुलखांत उतरवून तिला रसद, दारूगोळा व जखमींची ने-आण हीं सर्व याच वाहनानें पुरविलीं. म्हणजे वीस-एकवीस वर्षांत पालखीचें काम करणारें हें यंत्र पलटणीचें वाहन व तिचा रसदमार्ग बनलें.

आतां मुख्य प्रसंगाकडे वळूं. पूर्व बंगालच्या पूर्वेस, त्रिपुरा व लगतच्या प्रदेशांत, लेफ्टनंट जनरल सगतसिंह यांच्या हाताखालीं भारताची चौथी कोअर होती. तींत 8, 23 व 57 या क्रमांकांच्या तीन पहाडी डिव्हिजन होत्या. त्यांच्यापुढें उत्तरेस सिल्हेट शहर व सुरमा नदी, आणि पश्चिमेस ढाक्याच्या वाटेवर आडवी पडलेली मेघना होती. नदी सैन्याचें काय करते हें पानिपतच्या मोहिमेचे कागद पाहिलेल्यांस सांगणें नको. 1760 च्या ऑक्टोबरांत अबदालीनें बागपताजवळ यमुना ओलांडली, आणि त्या एका उल्लंघनानें सर्व मोहिमेचा रंग पालटला. मेघनेवर आशुगंज व भैरवबाजार यांमधील रेल्वेचा पूल हाच काय तो सोयीचा मार्ग होता, आणि माघार घेणारा शत्रु तो तोडील हें उघड होतें.

कोअरपाशीं रशियन बनावटीचीं एमआय-4 जातीचीं बारा-चौदा हेलिकॉप्टरें होतीं. एकांत साधारणतः 14 सैनिक बसत. 650 माणसांची पलटण हलवावयाची तर या हिशेबानें 47 खेपा होतात, आणि तीन पलटणींच्या ब्रिगेडीस 140 च्या आसपास. त्यांत तोफा, दारूगोळा व अन्नसामग्री धरलेली नाहीं. हे आंकडे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे, कारण पुढील विवेचन त्यांवरच अवलंबून आहे.

पहिला प्रयोग सिल्हेट येथें झाला. 7 डिसेंबर रोजीं पांचव्या गुरखा रेजिमेंटची चौथी पलटण शहराच्या आग्नेयेस, सुरमेच्या पलीकडे, उतरविण्यास आरंभ झाला. तिचे नायक लेफ्टनंट कर्नल अरुण भीमराव हरोलीकर हे होत. हें नांव मराठी वाचकांस परकें वाटणार नाहीं. याच पलटणीनें नोव्हेंबरांत आटग्राम येथें खुकऱ्यांनीं ठाणें घेतलें होतें, आणि हरोलीकरांस या युद्धांत महावीरचक्र मिळालें. सिल्हेट बहुतेक रिकामें पडलें आहे असा भारतीय पक्षाचा समज होता, आणि तो चुकीचा ठरला. मौलवीबाजारची पाकिस्तानी ब्रिगेड नुकतीच सिल्हेटांत येऊन तेथील ब्रिगेडीस मिळाली होती. उतरणाऱ्या पहिल्या टोळ्यांवरच गोळीबार झाला. पलटण अपुरी, तोफा नाहींत, आणि पाठीमागें नदी, अशा स्थितींत हे लोक विमानांच्या माऱ्याच्या आधारावर टिकून राहिले. त्यांचें खरें बळ किती आहे हें शत्रूस कळलें नाहीं. येणेंप्रमाणें दोन ब्रिगेडींची फौज सिल्हेटांतच अडकून राहिली, ढाक्याच्या रक्षणास जाऊं शकली नाहीं, आणि तिनें तेथेंच शस्त्रें खालीं ठेविलीं.

9 डिसेंबर रोजीं पाकिस्तानी फौजेनें आशुगंजचा पूल उडविला व ती भैरवबाजारच्या बाजूस गेली. भारतीय सेना आतां पुलाजवळच नदी उतरण्याचा यत्न करील, असें समजून ती तेथेंच दबा धरून बसली. सगतसिंहांनीं तो यत्न केलाच नाहीं. जोरहाटच्या विमानतळाचे प्रमुख ग्रुप कॅप्टन चंदनसिंह यांच्या साहाय्यानें त्यांनीं त्याच दिवशीं 311 व्या ब्रिगेडीचे लोक ब्राह्मणबाडियाच्या बाजूनें उचलून नदीपलीकडे रायपुरा येथें उतरविण्यास आरंभ केला. आघाडीस गार्ड्स रेजिमेंटची चौथी पलटण होती. रात्रीं उतरण्याच्या जागा विजेऱ्या लावून दाखविण्यांत आल्या. 11 तारखेस नरसिंगडी हातीं आली. तेथून ढाका सुमारें 50 किलोमीटर. भैरवबाजारांतील शत्रूची डिव्हिजन न लढतां, पाठ फिरवून न जातां, जागच्याजागीं निरुपयोगी झाली. पूल तोडून तिनें जणूं स्वतःचीच वाट बंद करून घेतली.

येथपर्यंत प्रचलित कथा बरोबर आहे. परंतु वर दिलेला हिशेब मनांत धरून पाहिलें असतां एक प्रश्न उभा राहतो. ब्रिगेडीचीं माणसें हेलिकॉप्टरांनीं गेलीं; मग जड सामान, तोफा आणि रणगाडे कसे गेले? याचें उत्तर त्या वेळच्या सेनाधिकाऱ्यांच्या लेखांतच मिळतें. पीटी-76 जातीचे रणगाडे पाण्यांत पोहत असत, परंतु अर्ध्या तासांत त्यांचीं एंजिनें तापूं लागत, आणि मेघनेचें पात्र तेवढ्यांत संपत नसे. तेव्हां गांवच्या होड्यांनीं त्यांस दोर बांधून पैलतीरास ओढून नेलें. तोफा व दारूगोळा होड्यांतून गेला. पलीकडे सायकल-रिक्षा, बैलगाड्या व माणसांचे खांदे कामास आले. आणखी एक ब्रिगेड तर मुख्यतः नावांतूनच उतरली. जे शेतकरी व नावाडी या कामास धांवून आले त्यांस कोणीं वेठीस धरलें नव्हतें. नऊ महिने त्यांच्या गांवांवर जें गुदरलें होतें त्याचा तो परिणाम होता. तात्पर्य, मेघनेवरील पूल यंत्रांचा होता तितकाच वल्ह्यांचाही होता. वैमानिकांचीं नांवें पदकांच्या यादींत आहेत व तीं असणें योग्यच आहे. नावाड्यांचीं नांवें मात्र कोणत्याही यादींत आमच्या पाहण्यांत आलीं नाहींत.

दुसरी गोष्ट आकाशाची. एमआय-4 सारखें संथ व अवजड यंत्र दिवसाढवळ्या खेपा घालूं शकलें, याचें कारण भारतीय मिग विमानांनीं 6 व 7 डिसेंबर रोजीं ढाक्याची तेजगांव येथील धांवपट्टी फोडून तेथील सेबर विमानें जमिनीवरच जखडून टाकिलीं होतीं. प्रतिपक्षाचें एकही विमान उडत नव्हतें. शिवाय उतरण्याच्या जागीं लोक अनुकूल होते, आणि पलीकडील सैन्यास मागून येणारें सैन्य लवकर मिळालें. हीं तीन कारणें नसतीं तर काय झालें असतें, हें केवळ तर्कानें ठरविण्याची गरज नाहीं. पुढील दोन उदाहरणें पुरेशीं आहेत.

कारगिलच्या युद्धांत 28 मे 1999 रोजीं तोलोलिंगवर हल्ला करणारें भारतीय वायुसेनेचें एमआय-17 हेलिकॉप्टर खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्रानें पाडलें, व आंतील चौघेही मृत्यु पावले. त्यानंतर हल्ल्याच्या कामांतून हीं हेलिकॉप्टरें काढून घेण्यांत आलीं. एका माणसाच्या खांद्यावरील नळीनें आकाशाचा हा मार्ग बंद केला. दुसरें उदाहरण युक्रेनचें. 24 फेब्रुवारी 2022 रोजीं रशियनांनीं कीवजवळील होस्तोमेल विमानतळावर हेलिकॉप्टरांतून सैनिक उतरविले. उतरणें साधलें, कांहीं हेलिकॉप्टरें मात्र गमवावीं लागलीं. पण युक्रेनच्या तोफांनीं व प्रतिहल्ल्यांनीं मागून मोठें सैन्य विमानांनीं आणण्याचा बेत फसला, आणि महिना-सव्वा महिन्यांत तो सर्व प्रदेश सोडून जावें लागलें. सिल्हेट, रायपुरा व होस्तोमेल या तिन्ही ठिकाणीं यंत्राचें काम एकच होतें. फरक पडला तो यंत्राच्या बाहेर.

याचा अर्थ मेघनेवरील वैमानिकांचें श्रेय कमी होतें असा नव्हे. पहिले लोक रायपुऱ्यास गेलेच नसते तर नावाड्यांस दोर बांधावयास रणगाडे मिळाले नसते. तसेंच ढाका या एका उल्लंघनानेंच पडलें असेंही म्हणतां येत नाहीं. 11 डिसेंबर रोजीं टांगाईल येथें छत्रीधारी पलटण उतरली, आणि 16 तारखेस सकाळीं ढाक्यांत प्रथम प्रवेश उत्तरेकडून आलेल्या सैन्यानें केला. मेघनेच्या उल्लंघनानें झालें तें इतकेंच की, ढाक्याचा पूर्वेकडील खंदक नाहींसा झाला, आणि तो नाहींसा झाल्याचें ढाक्यांतील सेनापतीस उशिरा उमगलें.

यापुढें एक वादाचा मुद्दा येतो, व तोच इतिहासकारास महत्त्वाचा वाटेल. मेघना ओलांडून ढाक्यावर जावें असा मूळ हुकूम होता काय? पूर्व विभागाचे त्या वेळचे चीफ ऑफ स्टाफ जनरल जेकब यांनीं 1997 सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, दिल्लीच्या आज्ञेंत चितगांव व खुलना यांवर भर होता, ढाका हें लक्ष्य नव्हतें, असें प्रतिपादन केलें आहे. इतर अधिकाऱ्यांनीं हें मत खोडून काढण्याचा प्रयत्न केला आहे. सगतसिंहांनीं नदी स्वतःच्या जबाबदारीवर ओलांडली असेंही अनेकांनीं लिहिलें आहे. तसें असेल तर वाहनाची गति हुकुमाच्या गतीपुढें गेली असें म्हणावें लागेल, आणि अर्वाचीन युद्धांत हेलिकॉप्टरानें केलेला हा सर्वांत मोठा फरक ठरेल. हा वाद आठवणींनीं मिटणारा नव्हे. आठवण वृद्ध होते व श्रेयाकडे झुकते. तो मिटवावयास त्या दिवसांचे हुकूम, तारा व रोजनाम्या पाहिजेत.

आणि येथेंच मन विषण्ण होतें. पूर्व विभागाच्या कलकत्ता येथील दप्तरांतील या युद्धाचे बरेचसे कागद नष्ट करण्यांत आले, असें वृत्त 2010 सालीं वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. 2022 च्या डिसेंबरांत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या महासंचालकांनीं 1962, 1965 व 1971 या युद्धांचे कागद आपल्या संस्थेकडे नाहींत असें जाहीरपणें सांगितलें. त्यापूर्वीं, 2021 सालीं, संरक्षण खात्यानें युद्धांचे कागद सामान्यतः पंचवीस वर्षांनीं खुले करण्याचें धोरण ठरविलें आहे, व तें स्तुत्य आहे. परंतु जो कागद जळाला त्यास धोरणानें उजाळा मिळत नाहीं. पानिपतच्या संग्रामाचीं पत्रें अडीचशें वर्षांनीं आपणांस वाचावयास मिळतात, आणि अर्धशतकापूर्वींच्या विजयाचे हुकूम मिळत नाहींत, ही स्थिति आपणां सर्वांस लाजविणारी आहे.

सरकारी दप्तर गेलें तरी सर्वच गेलें असें मात्र नाहीं. पेशव्यांच्या फौजांचा कितीतरी इतिहास सरदारांच्या व कारकुनांच्या घरगुती बाडांतून बाहेर आला, हा आपला अनुभव आहे. तसाच या युद्धाचा इतिहास सैनिकांच्या घरांतील पेट्यांत आहे. वैमानिकांच्या उड्डाणवह्या, त्यांत प्रत्येक खेपेची तारीख व वेळ; आघाडीवरून आलेलीं पत्रें; पेन्सिलीच्या खुणा असलेले नकाशे; छायाचित्रांच्या पाठीवर लिहिलेलीं नांवें; हीं सर्व साधनें होत. 1971 सालीं जे तिशींत होते ते आज ऐंशीच्या पुढें आहेत. त्यांच्या पश्चात् या पेट्यांचें काय होतें, हें रद्दीवाल्याच्या दुकानीं उभे राहिलेल्या संग्राहकास आम्हीं सांगावयास नको.

तेव्हां आमची विनंती इतकीच की, जुन्या हस्तलिखितांच्या शोधांत गांवोगांव फिरणाऱ्या आपल्या सभासदांनीं, ज्या घरांत फौजेंत राहिलेला कोणी वृद्ध असेल तेथें मोडी कागदांची चौकशी झाल्यावर ही दुसरी चौकशीही करावी. मिळेल त्या कागदाची नक्कल घ्यावी, तारीख लावावी, व तो कोणाच्या हातचा आहे हें नोंदून ठेवावें. ढाका व ब्राह्मणबाडियाकडील अभ्यासकांशीं पत्रव्यवहार करून मेघनाकांठच्या नावाड्यांचीं नांवें कोणास मिळवितां आलीं, तर तें या विषयांतील सर्वांत मोलाचें संशोधन होईल. अशी एक यादी जरी हातीं आली, तरी ती या त्रैमासिकांत छापण्यास आम्हांस धन्यता वाटेल.