एक्स्पायरेटरी

एक्स्पायरेटरी (विशेषण) : उच्छ्वासाशी, म्हणजे फुप्फुसांतील हवा बाहेर टाकण्याच्या क्रियेशी, संबंध असलेला, उच्छ्वासी. ‘बाहेर’ या अर्थाचा ‘एक्स्’ हा उपसर्ग व श्वसनवाचक ‘स्पिरारे’ यांच्या संयोगातून लॅटिन क्रियापद सिद्ध झाले, ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत उतरले आणि त्यापासून साधलेले हे विशेषण १९व्या शतकात वैद्यकाच्या परिभाषेत रूढ झाले. मूळ क्रियापदास लॅटिनमध्येच ‘प्राण सोडणे’ हा दुसरा अर्थ होता. इंग्रजी व्यवहारात तोच बळावत जाऊन माणसांच्या पाठोपाठ करार, सनदा आणि पट्टेही मुदत सरताच ‘एक्स्पायर’ होऊ लागले. विशेषणावर मात्र मृत्यूची वा मुदतीची ही छाया पडली नाही.

शांत श्वसनात उच्छ्वासास स्नायूंचे श्रम जवळजवळ पडत नाहीत; श्वासपटल सैल होते आणि ताणलेली फुप्फुसे आपल्याच स्थितिस्थापकत्वाने आकसून सुमारे ५०० मिलिलिटर हवा बाहेर लोटतात. खोकताना, गाताना किंवा शंख फुंकताना पोटाचे व बरगड्यांमधील आतले स्नायू कामास लागतात. उच्छ्वासाबरोबर श्वासनलिकांच्या शाखा अरुंद होत असल्यामुळे दमेकऱ्याच्या छातीतील शिटीसारखा आवाज श्वास सोडतानाच अधिक ऐकू येतो, आणि वैद्य त्याच्या वर्णनात हेच विशेषण योजतात. उच्छ्वासाच्या मापनाचा पाया लंडनच्या जॉन हचिन्सन या वैद्याने १८४६ मध्ये घातला : पूर्ण श्वास घेऊन शक्य तितकी हवा बाहेर सोडावयास लावून त्याने २,०००हून अधिक लोकांची परीक्षा केली व हे माप व्यक्तीच्या उंचीबरोबर वाढते असे दाखविले. पहिल्या एका सेकंदात जोराने किती हवा बाहेर पडते, हे माप आज दम्याच्या निदानात विशेष महत्त्वाचे ठरले आहे.

भाषाशास्त्रात जुन्या पंडितांनी श्वासाच्या जोरावर अवलंबून असणाऱ्या, इंग्रजीसारख्या भाषांतील, आघातास हेच विशेषण लावून त्यास वैदिक उदात्तादी स्वरांसारख्या नादाच्या उंचीवर आधारलेल्या आघातापासून वेगळे काढले. ही संज्ञा तितकीशी समर्पक नव्हे, कारण उदात्ताचा उच्चारही बाहेर पडणाऱ्या श्वासावरच होतो. तरीही अभिजात लॅटिनचा आघात या दोहोंपैकी कोणत्या जातीचा, यावर फ्रेंच आणि जर्मन विद्वानांचा वाद दीर्घकाळ चालला, व त्यात बहुधा जर्मन पक्ष उच्छ्वासी आघाताचा आणि फ्रेंच पक्ष नादात्मक आघाताचा पुरस्कर्ता राहिला.