न काढलेली रेघ
स्फटिकाच्या साऱ्याच कडा रेखाटल्या, तर पाहता पाहता आकृती उलटते आणि पुढची बाजू मागची भासू लागते, असे स्विस स्फटिकशास्त्रज्ञ लुई आल्बेर नेकर यांनी १८३२ साली नोंदविले. पुढे संगणक घनाकृती रेखाटू लागला, तेव्हा हाच पेच पुन्हा उभा राहिला. यंत्राजवळ होते ते केवळ बिंदूंचे अंक; कोणती कड कशाआड दडली, हे त्यास दिसत नव्हते. १९६३ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी अशा झाकलेल्या रेघा गणिताने शोधून वगळल्या. १९६७ साली आर्थर ॲपेल यांनी रेघेच्या प्रत्येक भागापुढे किती पृष्ठे आड येतात, हे मोजण्याची रीत मांडली. गणती शून्य येईल तेवढाच भाग काढावयाचा. चित्रकाराचा हात जे सहज गाळतो, ते गाळावयास यंत्राला असे शिकवावे लागले. कागदावर त्रिमितीचा भास उभा राहतो, तो काढलेल्या रेघांइतकाच न काढलेल्या रेघांमुळे.