कान्हेरीचे माणिक आणि बेनिनचे पितळ

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शाळांच्या सहली येतात. कान्हेरीला पोचल्यावर मुलांना तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातील भव्य बुद्धमूर्ती दाखवतात, मग पाण्याच्या टाक्या, मग डबे उघडतात. या चैत्यगृहासमोर एकेकाळी एक स्तूप होता आणि तो मुद्दाम फोडून पाहिला गेला, हे बहुधा सांगितले जात नाही.

साल १८३९. डॉ. जेम्स बर्ड हे रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे चिटणीस. त्यांनी निवडलेला स्तूप पडझड झालेला होता. मूळची उंची बारा ते सोळा फूट असावी, असा त्यांचा अंदाज. मजुरांनी तो माथ्यापासून पायथ्यापर्यंत खणला. जमिनीच्या पातळीला एक गोल दगड लागला, मध्यभागी पोकळ, वर जिप्समचे झाकण. आत तांब्याचे दोन लहान कलश होते. एकात रक्षा आणि तिच्यात मिसळलेले एक माणिक, एक मोती, सोन्याचे तुकडे व सोन्याची इवलीशी डबी. त्या डबीत कापडाचा एक तुकडा. दुसऱ्यात चांदीची डबी आणि थोडी रक्षा. सोबत दोन ताम्रपट.

बर्ड यांनी ही यादी नीट लिहून ठेवली आणि ताम्रपटांचा मजकूर १८४७ साली आपल्या ग्रंथात छापला. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. त्या काळात कित्येक स्तूप काहीही नोंद न ठेवता उकरले गेले.

एका ताम्रपटावर त्रैकूटकांच्या राज्यातील २४५ हे वर्ष आहे, म्हणजे इ.स. ४९४-९५. सिंधू देशातून आलेल्या बुद्धरुची नावाच्या माणसाने कृष्णगिरीच्या महाविहारात, म्हणजे याच कान्हेरीत, बुद्धाचा अग्रशिष्य शारद्वतीपुत्र याच्यासाठी हा चैत्य उभारला, असे तो सांगतो. शारद्वतीपुत्र म्हणजे सारिपुत्त. बुद्धरुचीच्या लेखी रक्षा, माणिक आणि कापडाचा तुकडा या वेगवेगळ्या वस्तू नव्हत्या. ती एकच पूज्य गोष्ट होती आणि ती पुन्हा कोणाच्या नजरेस पडावी म्हणून ठेवलेली नव्हती. साडेतेराशे वर्षांनी झाकण निघाले आणि तिची यादी झाली.

याच सारिपुत्ताचे अवशेष अलेक्झांडर कनिंगहॅम व मेसी यांना १८५१ साली सांचीजवळच्या उत्खननात मिळाले. करंडकांवर नाव कोरलेले असल्याने शंकेला जागा नव्हती. ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पोचले. पुढे बौद्धांनी ते परत मागितले, तेव्हा संग्रहालयाची तयारी होती ती अस्थी देऊन करंडक ठेवून घेण्याची! अस्थी धर्माच्या, करंडक कलेचा, अशी ही वाटणी. अखेर १९४७ साली अवशेष परत निघाले आणि १९५२ च्या नोव्हेंबरात सांचीच्या नव्या विहारात त्यांची प्रतिष्ठापना झाली.

तशीच वाटणी पिप्रहव्याच्या बाबतीतही झाली होती. तेथे १८९८ साली मिळालेल्या अस्थी सयामच्या राजाकडे गेल्या, तर रत्नांचा एक हिस्सा उत्खनन करणाऱ्या पेपे यांच्या कुटुंबात राहिला. तो मे २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात निघाला. भारत सरकारने हरकत घेतली, लिलाव थांबला आणि जुलैत रत्ने परत आली. ती विकत घेणाऱ्या गोदरेज उद्योगसमूहाचे मुख्यालय घाटकोपरच्या शेजारी, विक्रोळीत आहे.

आशियात हे घडत होते त्याच काळात आफ्रिकेत याहून उघड लूट झाली. फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने आजच्या नायजेरियातील बेनिन नगर घेतले, राजवाडा लुटला आणि ओबा ओव्होनरामवेन यांना हद्दपार केले. पितळेच्या व हस्तिदंताच्या हजारो वस्तू युरोपात गेल्या. काही तर मोहिमेचा खर्च भरून काढण्यासाठी विकल्या गेल्या.

संग्रहालयातील बेनिनच्या पितळी मस्तकांना टाळूवर मोठे छिद्र दिसते. काचेच्या पेटीत ते अपुरे, काहीसे विचित्र वाटते. खरे तर ते कोरीव हस्तिदंत उभा करण्यासाठी असे. ओबा वारला की त्याचा वारस त्याच्या नावाने वेदी घाली. तिच्यावर ही मस्तके, पूर्वजांना हाक घालणाऱ्या घंटा आणि खुळखुळणारे दंड मांडले जात. ज्यांच्या देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक आहेत, त्या मराठी घरांना हे फार समजावून सांगावे लागणार नाही. टाकाचे मोल कोणी चांदीच्या भावाने करत नाही. युरोपीय जाणकार मात्र या मस्तकांपुढे थक्क झाले ते ओतकामाच्या कौशल्याने. वेदीचा विषय तळटिपेत गेला.

डिसेंबर २०२२ मध्ये जर्मनीने अशा २० वस्तू नायजेरियाला सुपूर्द केल्या. लगेच प्रश्न आला, त्या ठेवायच्या कोठे? सरकारी संग्रहालयात, की ओबांच्या राजवाड्यात? मार्च २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुहारी यांच्या आदेशाने परत येणाऱ्या वस्तूंची मालकी ओबांकडे सोपवली गेली. युरोपातील काही अभ्यासक नाराज झाले: आता त्या सर्वांना पाहता येतील याची हमी काय? आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण वेदीवरची वस्तू सर्वांनी पाहावी ही अटच मुळात संग्रहालयाची आहे. बुद्धरुचीने तर आपली वस्तू दगडाच्या पोटात ठेवून वर झाकण बसवले होते.