आर्वीची तबकडी आणि परत येणारा आवाज

परदेशात फोन करणाऱ्या जुन्या माणसांना आठवत असेल... आपण "हॅलो" म्हणायचं आणि क्षणभराने आपलंच "हॅलो" आपल्या कानावर यायचं. बोलणारा अडखळायचा. आज व्हिडिओ मीटिंगमध्ये असं झालं की लोक इंटरनेटला नावं ठेवतात. पण मंडळी, हे दुखणं इंटरनेटच्या फार आधीचं आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या पुणे जिल्ह्यातून जातो.

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वी नावाचं गाव आहे. परदेशी दळणवळणासाठी भारताचं पहिलं उपग्रह भूकेंद्र १९७१ साली तिथे सुरू झालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात विक्रम साराभाई गेले. केंद्राला त्यांचं नाव आहे. (पुढे जवळच खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या राहिल्या. जुन्नर म्हटलं की आपल्याला फक्त शिवनेरी आठवतो!)

मी मराठी माध्यमातला बी. ए., विज्ञानाचा शिक्षक नव्हे. पण हिशेब सातवीच्या मुलालाही जमेल. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. आवाज वर जाऊन खाली यायला ७२,००० किलोमीटर. सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगानेही पाव सेकंद लागतो. तिकडून परत यायला आणखी पाव. म्हणजे प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाने येणार. प्रतिध्वनी जवळच्या फोनवरही असतो, पण तो इतक्या लवकर येतो की जाणवत नाही.

तो येतो कुठून? घरापर्यंत फोनची दोन तारांची एकच जोडी. लांबच्या मार्गावर मात्र जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी. त्या सांध्यावर थोडा आवाज झिरपतो आणि उलट फिरतो. जुना उपाय दांडगाईचा होता : एक बोलू लागला की दुसऱ्याची वाट बंद. प्रतिध्वनी जायचा, पण मध्येच कोणी काही विचारलं तर त्याचे शब्दही गिळले जायचे.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये जॉन केली, मनमोहन सोंधी वगैरे मंडळींनी वेगळा विचार केला. सोंधी दिल्ली विद्यापीठात आणि बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. १९६७ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. कल्पना अशी, की वाट बंद करायचीच नाही. येणाऱ्या आवाजाची एक प्रत यंत्राने जवळ ठेवायची, प्रतिध्वनी कसा होईल याचा अंदाज बांधायचा आणि तेवढाच वजा करायचा. चूक उरली की अंदाज सुधारायचा. म्हणजे वजाबाकीच, पण सतत शिकत राहणारी.

सभागृहातल्या मीटिंगला हीच युक्ती लागते. तिथे आवाज स्पीकरमधून निघतो, फरशी-भिंतींवर आपटतो आणि माइकमध्ये शिरतो. पण यंत्राचा अंदाज चालतो तो स्पीकर शुद्ध आवाज देत असेल तरच. आवाज इतका वाढवला की स्पीकर फाटू लागला, तर जे परत येतं ते मुळात आलेलंच नसतं. वजा काय करणार? माइकही फार चढवला की आवाजाची टोकं छाटली जातात. म्हणून आधी स्पीकर ठरवायचा : शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाला नेहमीच्या बोलण्याइतका ऐकू यावा, जास्त नको. मग माइक : मोठ्याने बोलल्यावरही काटा लाल पट्टीत जाऊ नये. मग दोन्हीकडून एकदम बोलून पाहायचं. आणि नंतर बटणांना हात लावायचा नाही, कारण अॅम्प्लिफायरवर कोणी आवाज वाढवला की यंत्राला सगळं पुन्हा शिकावं लागतं.

गंमत अशी की दोष ज्या खोलीत असतो तिथल्या लोकांना तो ऐकू येत नाही. प्रतिध्वनी ऐकतो तो समोरचा.

आमच्या वरवंडच्या बाजूला मध्यंतरी अशीच एक ऑनलाइन बैठक झाली. विषय कालव्याच्या आवर्तनाचा. पडद्यावर साहेब, इकडे शेतकरी. मागच्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर पूर्ण चढवलेला. साहेब बोलत असताना एक बाई उठून म्हणाल्या, "टेलला पाणी पोचतच नाही." आम्ही सगळ्यांनी ऐकलं. साहेबांना ऐकू गेलं नाही. यंत्राने प्रतिध्वनीबरोबर बाईंनाही गिळलं होतं. साहेब पुढच्या मुद्द्यावर गेले. खोलीत कुजबुज झाली, "बघा, मुद्दाम दुर्लक्ष करतात."

मांडववाल्या पोराला मात्र कळलं. जत्रेत कर्णा शिट्टी मारायला लागला की काय करायचं हे त्याला पाठ. त्याने स्पीकर निम्म्यावर आणला, माइक बाईंच्या जवळ सरकवला आणि म्हणाला, "मावशी, आता परत बोला."

बाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी साहेब थांबले आणि त्यांनी विचारलं, "कुठल्या चारीवर?"