अंगाला मुंग्या आणणारी पावडर: बीटा-ॲलनीनची गोष्ट

"डॉक्टर, पावडर घेतली की अर्ध्या तासात तोंडाला, कानांना मुंग्या येतात." तालमीतून किंवा भरतीच्या मैदानावरून आलेली मुलं ही तक्रार हमखास सांगतात. डब्यावरची यादी वाचली की त्यात बहुतेक वेळा बीटा-ॲलनीन हे अमिनो आम्ल सापडतं.

आपला धाराशिव जिल्हा खो-खोचा आणि कुस्तीचा. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाच्या कर्णधार सारिका काळे इथल्याच. 2023 मध्ये महाराष्ट्र केसरीचा आखाडाही धाराशिवला भरला होता. तेव्हा असा एखादा डबा तुमच्या घरातही असू शकतो.

गोष्ट सुरू होते 1900 साली. रशियन रसायनशास्त्रज्ञ व्लादिमिर गुलेविच यांना मांसाच्या अर्कात एक नवा पदार्थ सापडला. मांसासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला कार्नोसिन म्हणू लागले. तो बीटा-ॲलनीन आणि हिस्टिडीन या दोन अमिनो आम्लांचा बनलेला आहे, हे पुढच्या काही वर्षांत कळलं. जोरात पळताना स्नायूत आम्ल साठतं आणि पाय भरून येतात. कार्नोसिन ते आम्ल काही प्रमाणात झेलतं, हे 1938 मध्ये लक्षात आलं. तरीही पावडर यायला आणखी जवळजवळ सत्तर वर्षं गेली. 2006 मध्ये इंग्लंडच्या रॉजर हॅरिस यांच्या गटाने दाखवलं की चार आठवडे बीटा-ॲलनीन घेतल्यावर स्नायूतलं कार्नोसिन चांगलंच वाढतं. क्रिएटिनचा अभ्यास करणारे हॅरिस ते हेच.

मुंग्यांचं उत्तर त्याच अभ्यासात होतं. एका वेळचा डोस जितका मोठा, तितक्या मुंग्या जास्त. त्वचेतल्या काही नसा या अमिनो आम्लाने चाळवतात आणि तास-दीड तासात शांत होतात. ही विषबाधा नाही. पण "मुंग्या आल्या म्हणजे पावडर लागू पडली" हा तालमीतला समजही खोटा. परिणाम रोज थोडं थोडं घेऊन काही आठवड्यांनी होतो. अभ्यासांत दिवसाला 3.2 ते 6.4 ग्रॅम वापरले गेले, तेही 0.8 ते 1.6 ग्रॅमच्या भागांत, जेवणासोबत. चमचाभर एकदम तोंडात टाकणं म्हणजे फक्त मुंग्या विकत घेणं. छातीत धडधड, धाप किंवा अंगावर पित्त उठलं तर मात्र त्याला मुंग्या समजू नका. डबा घेऊन थेट दवाखाना गाठा. प्री-वर्कआउटच्या मिश्रणात कॅफिनही भरपूर असू शकतं.

आणि फायदा? आहे, पण लहान. तो मुख्यतः एक ते चार मिनिटांच्या जोरकस कष्टात दिसतो. पोलीस भरतीतली मुलींची 800 मीटर धाव त्यात बसते, मुलांची 1600 मीटर जराशी बाहेर जाते. माळकरी घरातल्या मुलांच्या स्नायूत कार्नोसिन मुळातच कमी असतं, कारण आहारातलं बीटा-ॲलनीन मांस-मासळीतूनच येतं. पावडर कारखान्यात रसायनांपासून बनते, त्यामुळे चालेल. कॅप्सूलचं आवरण मात्र जिलेटिनचं असू शकतं, ते विचारून घ्या.

माझी खरी काळजी वेगळी आहे. 1989 मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लाच्या गोळ्या घेणाऱ्या लोकांना भयंकर स्नायुदुखी होऊ लागली. दीड हजारांहून जास्त माणसं आजारी पडली, तिसावर दगावली. शोध जपानच्या शोवा डेन्को कंपनीपर्यंत पोचला. त्यांनी जिवाणूंचा वाण बदलला होता आणि शुद्धीकरणातला कोळसा कमी केला होता. संशय मुख्यतः त्या मालातल्या अशुद्धीवर आला. डब्यावरचं नाव तेच होतं, आतला माल बदलला होता.

खेळाडूंना आणखी एक धोका. बीटा-ॲलनीनवर बंदी नाही, पण डब्यात दुसरं काही मिसळलेलं निघालं तर? तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव यांनी 2016 मध्ये आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी भेसळ केल्याचं सांगितलं. नाडाने ते मान्य केलं, पण रिओत त्यांच्या लढतीच्या तोंडावर क्रीडा लवादाने मान्य केलं नाही आणि चार वर्षांची बंदी घातली. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, हाच नियम.

म्हणून अठरा वर्षांखालची मुलं, गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आणि मूत्रपिंडाचा आजार असणारे यांना मी ही पावडर देत नाही. त्यांच्यावर पुरेसे अभ्यासच नाहीत. बाकीच्यांनी एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक बघावा, स्पर्धेत उतरणाऱ्यांनी इन्फॉर्म्ड स्पोर्टचा शिक्काही. सुटी, पुडीतली पावडर नको. आणि डबा संपला तरी त्याचा बॅच नंबर आणि पावती जपून ठेवा.